भुऱ्या टिब्ब्याची घरपट्टी

आमच्या ह्यांच्यासारखा माणूस घरात असला की बाईला दोनच गोष्टी करता येतात. डोक्यात राख घालून घ्यायची, नाहीतर पोट धरून हसायचं. मी दोन्ही करते, आलटून पालटून, आणि त्यात माझं वाईट काही चाललेलं नाही.

हे म्हणजे प्राध्यापक नीलकंठ माटे. जयपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आम्ही मूळचे वाईचे, पण लग्नानंतर लगेच इकडे आलो आणि बनी पार्कच्या अगदी शेवटच्या टोकाला भाड्याचं घर घेतलं. घर हवेशीर होतं, फाटकाशी कडुनिंब होता, शेजारी डॉक्टर, वकील, सगळी बंगलेवाली मंडळी. फक्त परसाची भिंत संपली की बनी पार्क संपायचं आणि भूरा टिब्बा सुरू व्हायचा.

टिब्बा म्हणजे वाळूचा उंचवटा. त्याच्यावर राजाच्या काळात कुणाकुणाला जागांचे पट्टे मिळालेले, त्यावर घरं उभी राहिलेली. टांगेवाले, रंगारी, लाखेच्या बांगड्या करणारे लोक. घरं त्यांच्या मालकीची, पण नळ नाही, गटार नाही, रस्त्यावर दिवा नाही. सांडपाणी वाटेच्या मधून वाहायचं आणि उन्हाळ्यात असा वास सुटायचा की आमच्या बंगलेवाल्या बायका मागच्या खिडक्या कायमच्या बंद ठेवायच्या. मी उघडी ठेवायची, कारण खिडकीपलीकडे भंवरी राहायची.

भंवरी लाखेच्या बांगड्या करायची, तिचा नवरा देवराम टांगा हाकायचा. शुभदा झाली तेव्हा माझी आई आजारी, तिला वाईहून येता आलं नाही. घरात मी, तान्हं पोर, आणि दूध उतू गेलं तरी पुस्तकातून मान वर न करणारा नवरा. तिसऱ्या दिवशी ही बाई घागरा सावरत सरळ भिंत चढून आली. हातात डिंकाचे लाडू. माझ्याकडे बघून म्हणाली, "रो क्यों रही है? बच्ची हुई है, मुसीबत नहीं." आणि पुढचा सव्वा महिना तिनं मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. परक्या मुलखात मला कुणी म्हणून कुणी नव्हतं. तिच्यामुळे झालं. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सगळं कळेल.

सत्तावन्न साली बातमी आली की भूरा टिब्बा उठवणार. लोकांना मुरलीपुऱ्याच्या पलीकडे जागा देणार. आज तिकडे घरं झाली आहेत, तेव्हा तिकडे बाजरीची शेतं आणि वाळू यापलीकडे काही नव्हतं. भंवरी भिंतीवर बसून म्हणाली, "वहाँ चूड़ियाँ किसको पहनाऊँगी? ऊँटों को?" आणि हसली. हसता हसता तिनं ओढणी तोंडावर घेतली, ती बराच वेळ काढलीच नाही.

शुभदा माझा पदर ओढत म्हणाली, "आई, मतलब मौसी आता भिंतीवरून नाही येणार?"

मी तडक आत गेले. हे खुर्चीत बसून वाचत होते. म्हटलं, "अहो, त्या शहर सुधार समितीवर तुम्हाला सल्लागार म्हणून घेतलंय ना? मग तिथं चहा-बिस्किटं खायला जाता की तोंडही उघडता?"

"काय झालं?"

"भंवरीला उठवतायत. ती गेली ना, तर मी पण शुभदाला घेऊन वाईला जाईन. सांगून ठेवते."

हे दचकले. मी अशा धमक्या देते, पण वाईची सहसा देत नाही. चष्मा काढून म्हणाले, "मीनाक्षी, वस्ती कुणी हौसेनं उठवत नाही. नळ आणि गटार करायला पैसा नाही, म्हणून उठवतात."

"मग पैसा काढा. अर्थशास्त्र काय डोंबल शिकवता?"

पुढचे काही दिवस हे घरात असून नसल्यासारखे. जेवताना आमटीत बोट बुडवून ताटावर आकृत्या काढायचे. मग एका सकाळी आंघोळ अर्धी टाकून, पंचा गुंडाळून, स्वयंपाकघराच्या दारात उभे. "सापडलं! वाढीवर कर्ज काढायचं!"

"आधी अंग पुसा," मी म्हटलं.

त्यांची कल्पना समितीला पटली, बँकही ऐकून घ्यायला तयार झाली. राहिली टिब्ब्यावरची मंडळी. ती राजी नसतील तर सगळंच फुकट. म्हणून रविवारी देवरामच्या अंगणात सभा भरली. ह्यांनी शुद्ध हिंदीत व्याख्यान दिलं. भविष्य, मूल्यवृद्धी, राजस्व, काय काय शब्द! लोक आदरानं ऐकत होते आणि देवराम खांबाला टेकून घोरत होता. शेवटी मला राहवेना. मी पदर खोचला आणि म्हटलं, "थांबा हो तुम्ही जरा."

मग मी त्यांना म्हशीची गोष्ट सांगितली. म्हैस रोडावलेली आहे, दूध जेमतेम देते. चारा घालायला पैसे नाहीत. मालक म्हणतो, हाकलून द्या. आपण म्हणायचं, हाकलू नका. ती आज जेवढं दूध देते तेवढं आधीसारखं मालकालाच जाऊ दे. आपण चारा उधार आणू. चारा खाऊन म्हैस सुधारली की दूध वाढेल. ते वरचं वाढलेलं दूध चारेवाल्याचं, त्याची उधारी फिटेपर्यंत. म्हैस म्हणजे टिब्बा, दूध म्हणजे घरपट्टी, चारा म्हणजे नळ आणि गटार, मालक म्हणजे सरकार आणि चारेवाला म्हणजे बँक. नळ आला की घरांची किंमत वाढेल, घरपट्टी वाढेल, त्या वाढीतून कर्ज फिटेल.

"और भैंस मर गई तो?" भंवरीनं विचारलं.

"तू असताना मरेल होय?" मी म्हटलं. सगळे हसले, देवराम जागा झाला, आणि सभा एकमतानं पार पडली. ह्यांचा चेहरा जरा उतरला होता. घरी येताना म्हणाले, "म्हशीचं उदाहरण शास्त्रीय नाही." मी म्हटलं, "असू दे, पण कळलं ना."

आता एकच काम राहिलं होतं. माथुर नावाचे मूल्यांकन अधिकारी येऊन टिब्ब्यावरच्या प्रत्येक घराची आजची किंमत ठरवणार होते. भाड्यानं दिलं तर घराला किती येईल, त्यावर ती ठरायची. ह्यांनी दारोदार जाऊन बजावलं, "जे आहे ते तसंच राहू द्या. काही झाकू नका, काही सजवू नका. आजची किंमत कमी धरली गेली, तरच उद्याची वाढ दिसेल. आजच जास्त धरली, तर वाढायला जागाच उरणार नाही आणि बँक कर्ज देणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. भंवरीनं तर सर्वात जास्त.

आणि कपाळ माझं! माथुरसाहेब यायच्या आदल्या दिवशी मी परसात गेले तर पलीकडून चुन्याचा वास. भिंतीवरून डोकावले तर अख्खा टिब्बा पांढराशुभ्र. बायका अंगणं सारवून त्यावर गेरू आणि खडूनं मांडणे काढत होत्या, म्हणजे आपल्या रांगोळीसारखंच, पण वेलबुट्टी अशी की नजर ठरू नये. सांडपाण्याच्या ओहोळावर वाळू टाकून तो बुजवलेला. वाटेवर कमानी.

"अगं बाई, हे काय चालवलंयस?" मी ओरडले.

भंवरी चुन्यानं माखलेली. शांतपणे म्हणाली, "साहेब येणार ना. पाहुणा दारात येतो तेव्हा घर काय उघडं दाखवायचं? प्रोफेसरसाब शिकलेले आहेत, त्यांना रीत माहीत नाही." आणि लगेच, "तुझा चहाचा सेट दे."

तो सेट माझ्या मामांनी लग्नात दिलेला. मी दिला. उगाच कशाला लपवू? आमच्या वाईलासुद्धा पाहुणा आला की शेजारच्या घरातून पाट-तांब्या येतात. सत्तावन्न साली दिला आणि आजही देईन.

दुसऱ्या दिवशी माथुरसाहेब आले. उंच, सावकाश बोलणारे, डोक्यावर टोपी. पहिल्याच घरात त्यांना नवा गालिचा, पितळेचा हुक्का आणि माझ्या कपातून चहा. ते उठून दुसऱ्या घरी निघाले की मागच्या अंगाला धावपळ. गालिचा एका बाईच्या डोक्यावर, हुक्का दुसरीच्या कडेवर, कप पदराखाली, भिंती ओलांडून सामान पाहुण्याच्या आधी पुढच्या घरात पोचायचं. मी आमच्या भिंतीशी उभी राहून बघत होते. हसू दाबून दाबून बरगड्या दुखल्या. हे साहेबांच्या मागून चालत होते आणि त्यांचा चेहरा तर विचारूच नका.

पण खरा घात पुढे झाला. साहेबांनी पहिल्या घरी विचारलं, "किराये पर दो तो कितना मिलेगा?" घरमालकानं मिशीला पीळ देऊन एक आकडा सांगितला. पलीकडचा शेजारी ऐकत होता, तो का कमी सांगेल? त्यानं वरचा सांगितला. असं चढत चढत देवरामपर्यंत आलं. देवरामनं जे भाडं सांगितलं तेवढं आमच्या बंगल्यालासुद्धा नव्हतं. साहेबांनी आदरानं त्याच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

हे घरी आले आणि ओसरीवर बसले. मग म्हणाले, "संपलं, मीनाक्षी. टिब्बा आजच बनी पार्कपेक्षा महाग झाला. याच्यावर अजून काय वाढणार? बँक नाही म्हणेल. वस्ती उठेल."

हसणं कुठल्या कुठे गेलं. मी भिंतीशी गेले आणि भंवरीला नाही नाही ते बोलले. रीत, पाहुणा, तुझा तो हुक्का, जा आता घेऊन मुरलीपुऱ्याला! मी बोलायची थांबले तेव्हा तिनं विचारलं, "आता साहेबांना सांगितलं, की ते सामान मागून आणलेलं होतं, तर?"

"सांगशील?"

तिनं मान खाली घातली. "पाहुण्याला बसवून मग म्हणायचं, आम्ही भिकारी आहोत? देवराम जीव देईल. मीही नाही सांगू शकत." तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मला तिचा राग आला, दयाही आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. आता ही जाणार, हे मला पहिल्यांदाच खरं वाटलं.

दोन-तीन दिवस भिंतीवर कुणी आलं नाही. मग एका सकाळी भंवरी पुढच्या फाटकातून आली. नवी ओढणी, हातात ताट, ताटात कुंकू, तांदूळ, नारळ आणि मोलीचा लाल धागा. म्हणाली, "माथुरसाहेबांकडे चल. प्रोफेसरसाबना पण घे."

"कशाला?"

"चल तर."

साहेबांचं घर जवळच होतं. ते नुकते पूजा करून बाहेर आले होते. भंवरीनं त्यांना पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, मनगटाला धागा बांधला आणि नारळ ओंजळीत ठेवला. "आजपासून तुम्ही माझे धरमाचे भाऊ."

साहेब गोंधळले, पण माणूस इथलाच होता. बांधलेला धागा त्यांनी सोडला नाही. उठून आतून साडी आणि रुपया आणला, तिच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "बोल, बहन."

तेव्हा भंवरी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पाहुणे होता. पाहुण्याला भरलेलं घर दाखवायचं असतं. आता भाऊ आहात. भावापासून काय लपवायचं? चला, बहिणीचं घर बघायला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तोंड उघडं टाकून उभे होते. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांचं तोंड असं उघडं मी तेवढंच एकदा पाहिलं.

साहेब आले. या खेपेला गालिचा नव्हता, हुक्का नव्हता. भंवरीनं त्यांना हाताला धरून आत नेलं. धान्याची रिकामी कोठी दाखवली. चुन्याखालची ओल बोटानं खरवडून दाखवली. वाटेवरची वाळू देवरामनं फावड्यानं ओढली, तर खाली काळं पाणी तसंच. मग साहेबांनी हळूच विचारलं, "हे घर भाड्यानं दिलं तर?"

"फुकट दिलं तरी कुणी घ्यायचं नाही, भैया," भंवरी म्हणाली. हे म्हणताना ती रडली नाही, उलट तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. मग एकेका घरातली बाई पुढे आली आणि म्हणाली, "ती बहीण तर आम्हीही बहिणीच." साहेबांनी सगळी घरं पुन्हा पाहिली. खरं काय ते लिहिलं. जाताना ह्यांना म्हणाले, "प्रोफेसरसाब, एवढ्या बहिणी मला पगारात झेपायच्या नाहीत." आणि मोठ्यानं हसले.

बँकेनं कर्ज दिलं. वर्षाच्या आत वरच्या गल्लीला नळ आला, गटार बांधलं, दिवे लागले. खालची गल्ली दुसऱ्या टप्प्यात, वरच्या गल्लीची घरपट्टी वाढेल तशी. भंवरीनं नळाखाली हात धरून पाणी तोंडावर मारलं आणि मला भिजवलं. मी शिव्या दिल्या. काय सुख होतं म्हणून सांगू!

आणि मग जे ह्यांच्या पुस्तकात होतं ते खरंच व्हायला लागलं. वास गेला, मागच्या खिडक्या उघडल्या, दुकानं आली, जागांचे भाव चढले. टिब्ब्यावरची घरं पक्की झाली. घरपट्टी वाढली, बँकेचे हप्ते वेळेवर जाऊ लागले. हे दर वर्षी आकडे बघून लहान मुलासारखे नाचायचे.

चौसष्ट साली आमच्या घरमालकांचा माणूस आला. भाडं वाढवलंय म्हणाला, जवळजवळ दुप्पट. मालक वाईट नव्हते. आजूबाजूला तोच भाव चालला होता.

हे माझ्याकडे वळले, डोळे चमकत होते. "मीनाक्षी, बघ! भिंतीच्या अलीकडेसुद्धा वाढलं! माझं म्हणणं सिद्ध झालं!"

"कपाळ सिद्ध झालं!" मी म्हटलं. "हे भाडं भरणार कोण? तुमचा सिद्धांत?"

तेव्हा त्यांची चमक गेली. प्राध्यापकाच्या पगारात ते भाडं बसणारं नव्हतं. झालान्याच्या बाजूला कॉलेजच्या ओळखीनं दोन खोल्या मिळत होत्या. दूर, जंगलाच्या कडेला. सामान बांधायला काढलं. मी स्वयंपाकघरात फडताळ रिकामं करताना बसून रडले. भंवरी जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला. ती राहिली आणि जायची पाळी माझ्यावर आली. कुणाला दोष द्यावा? माझ्याच नवऱ्याला?

भिंतीवरून आवाज आला, "ये क्या बाँध रही है?"

मी सांगितलं. भंवरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या छतावर दोन खोल्या टाकायच्याच होत्या. देवराम उद्या गवंडी आणतो. तोवर मालकाला एवढं भाडं दे. मग इकडे ये." हे असं, भाजी आणायला सांगावं तसं.

खोल्या झाल्या, आम्ही राहायला गेलो, आणि भंवरी भाडं घेईना. "बहिणीकडून भाडं? लोक तोंडात शेण घालतील."

आता मात्र हे कासावीस झाले. "भंवरीबाई, भाडं घेतलंच पाहिजे. भाडं नाही तर घराची किंमत नाही, किंमत नाही तर घरपट्टी वाढत नाही. खालच्या गल्लीचं गटार या वाढीतूनच व्हायचंय." भंवरी ऐकेना. मी रागावले, समजावलं, हात टेकले. खालच्या गल्लीचं नाव काढल्यावर ती जरा गप्प झाली, एवढंच.

पहिली तारीख आली. सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर भंवरी. उंबऱ्याबाहेरच उभी, डोक्यावर ओढणी घट्ट, चेहरा दगडासारखा. मला ओळखसुद्धा दाखवली नाही. हात पुढे केला. "किराया."

मी ये म्हटलं, बस म्हटलं, तर आत पाऊल टाकलं नाही. मी पैसे दिले. ते तिनं ओढणीच्या टोकाला बांधले, "नल खुला मत छोड़ना," एवढं सुनावलं आणि धाडधाड जिना उतरून गेली.

मी दारातच उभी राहिले. वाटलं, जागा मिळाली पण बाई गेली. हेही वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघू लागले.

तेवढ्यात पुन्हा जिन्यात पावलं वाजली. भंवरी वर आली ती न थांबता सरळ आत, स्वयंपाकघरात. हातात गरम बाजरीच्या रोट्या, वर लसणीची चटणी आणि लोण्याचा गोळा. मांडी घालून बसली, इकडे तिकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं,

"गेली का गं तुझी मालकीण? फार तोऱ्याची बाई आहे ती. चल, गरम आहे तोवर जेव."